सोवळ्यातला जांभळा साबण

लग्नात आईनं माझ्या ट्रंकेत गुपचूप दोन वस्तू घातल्या होत्या. एक चांदीचं फुलपात्र आणि एक विलायती लव्हेंडर साबणाची वडी. फुलपात्र सासरी सगळ्यांनी हातात घेऊन जोखलं. साबणाला कोणी शिवलं नाही. सासूबाईंनी लांबूनच विचारलं, "चरबीचा आहे का गं तो?" मी गिरगावात वाढलेली. साबण हा साबणाचाच असतो, अशी माझी समजूत. मी तसं बोलून दाखवलं, आणि पहिल्याच दिवशी त्या घरात माझी कीर्ती झाली.

नाशकात आमचं बिऱ्हाड रविवार कारंजाजवळच्या एका बोळात होतं. खाली दोन खोल्या, वर दोन, मागे न्हाणीघर आणि एवढंसं अंगण. माणसं चार. मामंजी, म्हणजे माझे सासरे, कोर्टातून पेन्शनीत निघालेले कारकून. सासूबाई. आमचे हे, नवे कोरे बी. एस्सी. आणि बेकार. आणि मी, सतरा वर्षांची, तोंडानं फटकळ. आता सत्तरी उलटली तरी तो गुण गेलेला नाही, पुढं वाचाल तसं कळेलच.

त्या साबणावरून घरात दोन पक्ष झाले आणि दोन्ही माझ्या विरुद्ध. सासूबाईंना त्यात चरबी दिसे, ह्यांना त्यात इंग्रज सरकार दिसे. ते दिवसच तसे होते, हे खादी नेसत आणि विलायती टाचणीसुद्धा घरात येऊ देत नसत. माझी वडी न्हाणीघराच्या खिडकीबाहेर कौलाच्या तुकड्यावर पडलेली असे. आंघोळीला बसलं की मी खिडकीतून हात घालून ती घेई आणि नुसती हुंगून परत ठेवी. अंगाला मात्र डाळीचं पीठ. ते लावून लावून मला वाटायला लागलं होतं की एक दिवस ह्या बाई मला तळणार.

सासूबाईंचं सोवळं हा आमच्या बोळातला शेवटचा शब्द होता. आंघोळ करून, सोवळं नेसून त्या स्वैपाकघरात शिरल्या की नैवेद्य होईपर्यंत त्यांच्या सावलीतही कोणी जायचं नाही. शेजारच्या वकिलांकडे नवरात्र उठायचं ते सासूबाईंच्या हातच्या नैवेद्यानं. वीस वर्षं हा नेम चालला होता. दसऱ्याला सकाळी वकिलीणबाई स्वतः बोलवायला येत, गड्याबरोबर निरोप धाडत नसत. त्या दिवशी सासूबाईंची मान दोन बोटं उंच असे.

आषाढात कराचीहून पत्र आलं. मामंजींच्या चुलतभावाचं. बंदरावर गोदामात कारकुनाची जागा आहे, मुलाला पाठवून द्या, बिऱ्हाडाला जागा मिळेपर्यंत सून नाशकातच राहू दे. जागा मिळायला किती दिवस लागतात, तर त्या भावाला स्वतःला सहा वर्षं मिळाली नव्हती.

आता लाजायचं वय राहिलं नाही, म्हणून स्पष्टच लिहिते. लग्नाला आठ महिने झाले होते आणि मला माझा नवरा फार आवडायला लागला होता. पोळी का फुगते हे तो चुलीपाशी उकिडवा बसून मला समजावून सांगे, आणि तोवर माझी पोळी जळे. पोळी जळल्याबद्दल बोलणी मी खाई. तरी मी रोज विचारी, "हं, मग वाफेचं पुढं काय होतं?" हा माणूस कराचीला गेला की मी, सासूबाई आणि डाळीचं पीठ, एवढंच उरणार होतं.

ह्यांनी जाहीर केलं की आपण नोकरी करणार नाही, साबण करणार. चरबीचा थेंब नसलेला, खोबरेलाचा आणि तिळेलाचा, रंगसुद्धा झाडापानांचा. शिवाय माझ्या त्या लव्हेंडरसारखाच जांभळा आणि वासाचा. मामंजी झोपाळ्यावर सुपारी कातरत होते. ते म्हणाले, "घेणार कोण?"

"लोक."

"कुठले लोक? या बोळात काय आणायचं आणि काय नाही ते बायका ठरवतात. आणि तुझी आई साबणाला शिवत नाही. ज्या दिवशी ती साबणानं न्हाऊन स्वैपाकघरात शिरेल, त्या दिवशी मी मानीन की या गावात तुझा साबण चालेल. दसऱ्याला मी कराचीला उत्तर धाडणार. तोवर काय ते कर."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "मग ह्याची ट्रंक भरायला घ्या."

तर असा आमचा कारखाना सुरू झाला, मागच्या अंगणात, तुळशीपासून सासूबाईंनी आखून दिलेल्या अंतरावर. भद्रकालीत एका रंगाऱ्याच्या दुकानातून ह्यांनी कॉस्टिक सोडा आणला. तो पाण्यात टाकला की चुलीशिवाय पाणी कढत होतं. पहिल्या दिवशी ह्यांनी ते पाणी जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या पातेल्यात केलं. पातेलं आधी फसफसलं, मग काळं पडलं, आणि मग त्याच्या तळातून आम्हाला अंगणाची फरशी दिसायला लागली. बी. एस्सी. माणूस त्या भोकाकडे बघून म्हणाला, "बरोबर आहे, असंच व्हायला हवं." ते पातेलं माझ्या रुखवतातलं होतं. पुढं आम्ही लोणच्याची रिकामी बरणी घेतली.

कृती सोपी होती. सोड्याचं पाणी निववायचं, ते हळूहळू तेलात घालायचं आणि रवीनं घुसळत राहायचं. ताकासारखं पातळ असतं ते श्रीखंडाइतकं घट्ट झालं की लाकडी चौकटीत ओतायचं, दुसऱ्या दिवशी सुरीनं वड्या पाडायच्या आणि महिनाभर वाळवायच्या. महिना का, तर ताजा साबण अंग जाळतो. घुसळायचं काम माझं. शास्त्र सांगायचं काम ह्यांचं.

लव्हेंडरचं झाड आमच्या सात पिढ्यांत कोणी पाहिलेलं नव्हतं. ह्यांच्या एका पुस्तकात त्याचं चित्र होतं, तेही काळं. तेव्हा झाडपाल्याचा रंग साबणात टिकतो की नाही, एवढंच आधी बघू म्हणून ह्यांनी पहिल्या घाण्यात हळद घातली. पिवळ्याधमक, सोनचाफ्याच्या रंगाच्या वड्या होणार होत्या. मी चार वेळा रवी फिरवली असेल नसेल, बरणीत सगळं लालभडक झालं.

सासूबाई दारात उभ्या होत्या. "हळदीत चुना पडला की कुंकू होतं," त्या म्हणाल्या. "बी. एस्सी.ला हे शिकवत नाहीत वाटतं."

शिकवलं होतं, हेच तर दुःख. हळदीचा कागद बुडवून क्षार ओळखायचा प्रयोग ह्यांनी कॉलेजात स्वतःच्या हातानं केला होता आणि त्यात मार्कही मिळवले होते. पण तिथं तो कागद होता आणि इथं साबण, त्यामुळं ओळख पटली नाही.

बारा वड्या झाल्या, अस्सल कुंकवाच्या रंगाच्या. आता त्यांचं करायचं काय? कुंकवानं पाय धुवायची छाती कोणाची? केरात टाकायचीही सोय नाही. सासूबाईंनी निर्णय दिला, गंगेत सोडा. नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात. आम्ही दोघं विड्याच्या पानांवर वड्या घेऊन गेलो आणि घाटाच्या खालच्या अंगाला भक्तिभावानं सोडून दिल्या. श्रावणातलं पाणी दगडांवर आपटत होतं, तिथं जरा वेळानं फेस यायला लागला. एक आजोबा ओंजळीत पाणी घेऊन अर्घ्य द्यायला उभे होते. त्यांनी ओंजळीत पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं. मी आणि हे वेगवेगळ्या वाटांनी घरी आलो.

दुसऱ्या घाण्यात जास्वंद घातली. जास्वंदीची फुलं कुटली की रस चांगला जांभळा निघतो. तो साबणात पडला आणि हिरवा झाला. दुसऱ्या दिवशी वड्या डबक्यातल्या शेवाळासारख्या दिसायला लागल्या. त्यांनी मी मोरी घासली. मोरी लखलखीत निघाली, हे मी मामंजींना ऐकू जाईल अशा बेतानं दोनदा बोलले. त्यांनी सुपारी कातरली.

तोवर गणपती दोन दिवसांवर आले. दसऱ्याला महिना आणि वर थोडे दिवस. वाळायला महिना लागणार, म्हणजे उरला एकच घाणा. आणि तेल संपलं. मामंजी म्हणाले, या घरात आता तेल फोडणीला येईल, प्रयोगाला येणार नाही. तेलही गेलं, तूपही गेलं, अशी आमची गत झाली. हे दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. पोळी का फुगते हेही सांगेनात.

आणि मग मी चोरी केली.

सासूबाईंचे केस पन्नाशी उलटल्यावरही काळेभोर आणि गुडघ्यापर्यंत होते. त्या केसांसाठी त्या वर्षातून एकदा तेल कढवत. खोबरेलात माका, वाळा, नागरमोथा, कपूरकचरी, आणि रंगाला रतनजोत. रतनजोत म्हणजे काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारी मुळं, तेलात पडली की तेल रक्तासारखं लाल होतं. तेल, रंग आणि वास सगळं एकाच जागी, अशा दोन मोठ्या बाटल्या फडताळात होत्या. त्यांना हात लावायची परवानगी मामंजींनाही नव्हती. सासूबाई पुराण ऐकायला देवळात गेल्या आणि मी दीड बाटली बरणीत रिकामी केली. रिकाम्या बाटलीत देवाच्या समईचं तिळेल ओतलं आणि उरलेलं लाल तेल दोन्हींत सारखं करून टाकलं. देव क्षमा करतो असं ऐकलं होतं. सासूबाईंच्या बाबतीत तसं काही ऐकलेलं नव्हतं.

ह्यांनी विचारलं, "हे तेल कुठलं?" मी म्हटलं, "आहे." ह्यांनी पुढं विचारलं नाही. शहाणा माणूस होता.

लाल तेलाचा साबण फार तर गुलाबी होईल, असा माझा अंदाज. सोड्याचं पाणी पडलं आणि मी घुसळायला लागले. लाल होतं ते मळकं झालं. मळकं होतं ते निळसर झालं. मग रवीच्या भोवती रंग उमलत गेला आणि पाव तासात बरणीभर जांभळं श्रीखंड झालं. खिडकीबाहेरच्या माझ्या वडीचा रंग तसाच होता, किंबहुना ती फिकी पडली असती. सोड्यात हळदीचं कुंकू होतं तशी रतनजोत जांभळी होते, हे आम्हाला दोघांनाही ठाऊक नव्हतं. ह्यांनी माझ्या हातातली रवी घेतली आणि स्वतः घुसळायला बसले. त्या घरात दिवसाउजेडी नवऱ्यानं बायकोसाठी याहून जास्त काही करण्याची सोय नव्हती, आणि मला ते पुष्कळ होतं.

वास मात्र लव्हेंडरचा आला नाही. बरणीतून सासूबाईंच्या डोक्याचा वास येत होता.

पुढचा महिना मी कसा काढला ते मला माहीत. वड्या माळ्यावर वाळत होत्या आणि खाली सासूबाई रोज केसांना समईचं तेल लावत होत्या. "यंदाचं तेल फिकं उतरलं," त्या म्हणत. "दुकानदारानं मुळं जुनी दिली." चोराच्या मनात चांदणं. त्या फणी उचलायच्या आणि मी उठून विहिरीवर पाणी आणायला जायची. त्या महिन्यात आमच्या घरात पाण्याची कधी कमतरता पडली नाही.

दसरा तीन दिवसांवर आला तेव्हा ह्यांनी एक वडी केळीच्या पानावर ठेवून आईसमोर ठेवली. सासूबाईंनी ती हातात घेतली नाही. नुसत्या वाकल्या, आणि तशाच थांबल्या. मग ह्यांना म्हणाल्या, "तू बाहेर जा." मला म्हणाल्या, "तू बैस."

"तेल माझं आहे," त्या म्हणाल्या.

मी मान डोलावली.

"विचारलं का नाहीस?"

"तुम्ही दिलं नसतंत."

"नसतंच दिलं. आणखी काय आहे यात?"

"सोडा आणि पाणी."

"पाणी?"

"आपल्या विहिरीचं. मीच ओढलं."

"आणि तो सोडा? कुठनं आला, कोणी हाताळला, माहीत आहे?"

"मीठ कुठनं येतं सासूबाई? ते कोणी हाताळलं, आपण विचारतो का?"

हे मला कसं सुचलं कोण जाणे. त्यांनी वडी पानासकट थोडी दूर सारली. मग म्हणाल्या, "मला तुझ्यासारखं बोलता येत नाही. पण हे अंगाला लावलं तर दसऱ्याला वकिलांचा नैवेद्य मी कोणत्या हातानं करू? वीस वर्षं झाली. मला या बोळात दुसरं काय आहे?"

तेव्हा माझा तोल गेला. मी म्हणाले, "तुमच्या तेलाची मी चोर आहे, मला काय करायचं ते करा. पण हे कराचीला गेले तर या घरात मी कोणासाठी राहू?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "आणि मी गं?" त्या म्हणाल्या. "मी कोणासाठी राहू?"

पाच मुलांतलं त्यांचं हे एकच जगलेलं होतं. मला लग्नाआधीपासून ठाऊक होतं ते. पण कराचीचं पत्र आल्यापासून मी एकदाही त्यांचा विचार केला नव्हता. मला वाटत होतं, जाणारा माणूस फक्त माझा आहे. मी तिथंच रडायला लागले. त्या उठल्या, वडीवर केळीचं पान दुमडलं आणि म्हणाल्या, "जा, भाजी चिरायला घे."

दसऱ्याच्या सकाळी दाराला झेंडूचं तोरण लागलं. मामंजी झोपाळ्यावर बसले, मांडीवर फळी, फळीवर पत्र. पत्र त्यांनी आधीच लिहिलं होतं. मुलाला पुढच्या आठवड्यात रवाना करतो. नुसतं पाकीट चिकटवायचं राहिलं होतं. हे अंगणात रिकामी बरणी धूत बसले होते. ती धुतलेलीच होती.

सासूबाई न्हाणीघराशी गेल्या आणि मला म्हणाल्या, "ती वडी दे."

दार लागलं. बंबातलं पाणी पडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. मी दाराशी उभी. शेवटी आतून त्यांनी विचारलं, "अगं, हा फेस संपतो कधी?"

"पाणी ओता सासूबाई," मी म्हटलं. "डोळे मीट."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना एकेरीत बोलले, आणि त्यांनी ऐकलंही. सोवळं नेसून त्या बाहेर आल्या, झोपाळ्यासमोरून सरळ पुढं गेल्या आणि स्वैपाकघरात शिरल्या. मामंजींच्या हातात पाकीट तसंच राहिलं.

इतक्यात वकिलीणबाई आल्या. दरवर्षीसारख्या, जरीचं लुगडं नेसून, ओटीची सुपारी घेऊन. "चलायचं ना? चूल पेटवून आलेय," त्या म्हणाल्या. सासूबाई स्वैपाकघराच्या उंबऱ्याशी आल्या. त्यांच्या अंगाला वास येत होता तो त्यांच्या केसांना नेहमीच यायचा, सगळ्या बोळाच्या ओळखीचा. त्या गप्प राहिल्या असत्या तर कोणालाही काही कळलं नसतं. मीही मनात म्हणत होते, गप्प राहा, आज जाऊन या, उद्याचं उद्या बघू.

"मी आज साबणानं न्हाले आहे," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या मुलानं केलेल्या. त्यात वावगं काही नाही, मी विचारून घेतलंय. तुम्हाला चालत असेल तर येते."

वकिलीणबाईंनी एकदा मामंजींकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "घरात विचारून सांगते हं," त्या म्हणाल्या आणि गेल्या. परत कोणी आलं नाही. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून दुसऱ्याच कोणाच्या तरी पाट्यावरवंट्याचा आवाज यायला लागला.

मामंजी उठले. पत्र त्यांनी चार ठिकाणी फाडलं आणि तुकडे बंबात टाकले. मग स्वतः जाऊन पाट मांडला, जे त्यांनी जन्मात केलं नव्हतं, आणि त्यावर बसून म्हणाले, "आपल्या घरचा नैवेद्य झाला की मला वाढा. घाई नाही."

ह्यांनी अंगणातून ते ऐकलं. ते बरणी घेऊन तसेच उभे राहिले.

मी स्वैपाकघराच्या दाराशी गेले. सासूबाई पाठमोऱ्या बसून पुरण वाटत होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. वाटण्यानं हलतात तसे नव्हते ते. मला राहवलं नाही. मी उंबरा ओलांडून आत पाऊल टाकलं आणि हात पुढं केला.

"शिवू नकोस," त्या मागं न बघता म्हणाल्या. "सोवळ्यात आहे मी."